साळवे सरांना न आवडलेल्या मोटारसायकली

नवी मोटारसायकल दिसली की लोक आधी टाकी बघतात, मग दिवा, मग तिच्या आरशात स्वतःचा भांग. साळवे सर सरळ मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसायचे. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून गुडघ्यांवरचं कापड दोन बोटांनी वर ओढायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि गाडीच्या डाव्या अंगाने चेन निरखत राहायचे. मालक कौतुकाच्या आशेने शेजारी उभा असायचा. दोन-तीन मिनिटांनी सर उठायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "छान आहे. घरात ठेवा."

हा त्यांचा सौम्य अभिप्राय. कडक अभिप्राय असला तर ते मालकाशी न बोलता माझ्याकडे वळून म्हणायचे, "चला दीक्षित, चहा घेऊ." मालकाला त्यातून जे कळायचं ते कळायचं.

मी चौऱ्याहत्तर साली सातपूरकडच्या एका तंत्रशाळेत गणित शिकवायला लागलो. आमचं घर पंचवटीतलं, पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण करणारं. लोखंडाशी आमचा संबंध अडकित्त्यापुरता. पहिल्या दिवशी मी थोरल्या भावाची स्कूटर घेऊन गेलो. फाटकाशी एक सावळा, सडपातळ, पांढऱ्या शर्टच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस उभा होता. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"स्कूटर," मी म्हणालो.

"मला वाटलं कपाट. चाकं लावलेलं." मग जरा थांबून, "पण चेन नाही हिला. इंजिनातनं सरळ गिअरने चाक फिरतं. कपाट करणाऱ्याला तेवढं एक शहाणपण होतं." एवढं बोलून तो निघून गेला. तेच दामोदर साळवे, मशीन ड्रॉइंगचे शिक्षक.

सर नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहायचे. पत्नी कमलवहिनी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. सरांच्या वर्गात चिडीचूप शांतता असायची. मुलाने काढलेल्या आकृतीत एक रेघ जास्त दिसली की ते पेन्सिल त्या रेघेवर टेकवायचे. "ही काय काम करते?" मुलगा खोडरबर शोधू लागायचा. "काम करत नाही ना? मग तिला पगार कशाला? खोडा." वर्षभर मुलं त्यांना शिव्या द्यायची. नोकरीला लागल्यावर पेढे घेऊन मात्र पहिल्यांदा त्यांच्याकडेच यायची. सर पेढा खायचे आणि म्हणायचे, "खवा बरा आहे. वरचा बदाम कशाला?"

त्यांची स्वतःची मोटारसायकल देवळालीच्या लष्करी लिलावातली, इंग्रजांच्या वेळची, पाचशे सीसीची. काळी. एक चकचकीत भाग शोधून सापडला नसता. तिच्या डाव्या बाजूला इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सरांनी स्वतः पत्रा ठोकून केलेलं बंद कव्हर होतं. आत तेल, तेलात चेन. ना धूळ, ना आवाज. चाकाच्या अर्ध्या वर्तुळावर जाळी, तीही त्यांनीच वेल्डिंग केलेली. गाडी दिसायला ओबडधोबड होती. धान्याची कोठी मागे बांधून एखादी म्हैस निघाली आहे, असं वाटायचं. दर रविवारी सकाळी सर त्या गाडीवरून वहिनींना घेऊन निघायचे. वहिनी एका पायाने लंगडत चालायच्या. आम्ही समजत होतो की ते लहानपणापासूनचं आहे. विचारलं कुणीच नव्हतं.

रविवारी वहिनींना त्यांच्या बहिणीकडे सोडून सर गंगापूर रोडवरच्या एका चहाच्या दुकानासमोर यायचे. तिथे मोटारसायकलवाल्यांचा अड्डा जमायचा. साधारण ऐंशीनंतर त्या अड्ड्याला ऊत आला, कारण दर दोन-चार महिन्यांनी नवं काहीतरी निघायला लागलं. चौकोनी दिवे आले, टाकीवर लाल-सोनेरी पट्टे आले, सीटच्या मागे बदकाच्या शेपटीसारखी प्लॅस्टिकची शेपूट आली. जपान्यांच्या हातमिळवणीने छोट्या, हलक्या गाड्या यायला लागल्या. जो तो पंडित झाला. दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक, यावर भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

अड्ड्याचा राजा म्हणजे विंचूरचे कांद्याचे व्यापारी नाना शेवाळे. नवीन गाडी निघाली की पहिली नानांकडे. तिच्यावरून ते तीस-पस्तीस मैल केवळ ती दाखवायला नाशिकला यायचे. एका रविवारी त्यांनी जपानी बनावटीची दोन सिलिंडरची, साडेतीनशेची गाडी आणली. टाकी आरशासारखी. नाना खाली न उतरताच ओरडले, "बघा सर! लय भारी हाय का नाय?"

सर मागच्या चाकापाशी जाऊन बसले. अड्डा श्वास रोखून उभा.

"नाना," सर उठून म्हणाले, "हिच्या टाकीवर किती पट्टे आहेत?"

"पाच."

"आणि चेनवर कव्हर?"

नानांनी वाकून बघितलं. वरच्या अंगाला चार बोटं रुंद पत्र्याची पट्टी होती. बाकी चेन उघडीच. "हाय की थोडकं."

"वरून कीर्तन, आतून तमाशा. या रस्त्यांवर धूळ, चिखल, बैलगाडीच्या चाकातनं उडणारी खडी, सगळं त्या चेनवर बसणार. जर्मन माणसाने चेनच काढून टाकली, नाना. बंद नळीत दांडा फिरतो, तो चाक फिरवतो. आपण काय केलं? चेन उघडी ठेवली आणि वर पट्टे मारले. आणखी एक सांगा. आपल्या बायका गाडीवर कुठल्या बाजूला पाय सोडून बसतात?"

"डाव्या."

"चेन कुठल्या बाजूला आहे?"

नाना हसले. "सर, हिच्यावर बायकूला कोण बसवतंय!"

अड्डा खो-खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप अर्धा तसाच ठेवला. मला तेव्हा ते उगाच ताणताहेत असं वाटलं.

नानांनी मग आव्हान दिलं. चांदवडच्या पुढचा राहुड घाट कोण आधी चढतो ते बघू. सर म्हणाले, "मला घाटापलीकडे काही काम नाही." पण पुढच्या रविवारी आले. मला मागे बसवून म्हणाले, "शर्यतीला नाही, पंचनाम्याला चाललोय." ओझरपर्यंत नाना आमच्या पुढे-मागे बागडत होते. मग एकदम आवाज करून दिसेनासे झाले. आमची म्हैस आपल्या चालीने चालली होती. चांदवड मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि दुसऱ्या वळणावर कांद्याच्या ट्रकांची धूळ अंगावर घेत नाना रस्त्याच्या कडेला उभे. चेन तुटून मागच्या चाकात गुंतली होती. चाक जाम होऊन गाडी फरफटली, पण चढ असल्यामुळे वेग कमी होता. नानांचं फक्त कोपर सोललं होतं. चेहरा मात्र पांढराफटक.

सरांनी आधी त्यांना पाणी दिलं, हातपाय हलवून बघायला लावले. सगळं ठीक आहे असं दिसल्यावर हत्यारांची गुंडाळी सोडली.

"नाना, टाकी कशाने पुसता?"

"मलमलच्या फडक्यानं. रोज."

"आणि चेन?"

"चेन?" नाना गोंधळले. "ती पुसत्यात व्हय?"

सरांनी वर बघितलंच नाही. गुंतलेली चेन सोडवली, मोडकी कडी काढली, गुंडाळीतली जोडकडी घासून-पुसून बसवली, ताण जुळवला, तेल सोडलं. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात ते नानांना जे बोलले, ते नानांना त्यांच्या बापानेही कधी ऐकवलं नसेल. "ज्याच्यावर जीव टांगला आहे ते बघायचं नाही, आणि ज्याच्यात तोंड दिसतं ते रोज पुसायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" शेवटी हात पुसत म्हणाले, "जा पुढे. घाट आधी तुम्हीच चढा. मी हरलो म्हणून सांगा सगळ्यांना."

नानांनी तसं सांगितलंही. पण प्रत्येक वेळी पुढे जोडायचे, "मानूस लय बोलतो, पन हात सोन्याचे हायेत."

आता माझी गोष्ट सांगतो, जी सांगताना मला अजून कानकोंडं होतं. शहाऐंशी साली मी शंभर सीसीची, चार स्ट्रोकची नवी जपानी पद्धतीची गाडी घेतली. लाल. तिला कारखान्याचंच चेनचं बंद कव्हर होतं आणि चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळीही होती. अड्ड्यावरच्या सगळ्यांचं एकमत झालं की ही दोन्ही काढल्याशिवाय गाडी 'दिसत' नाही. एकजण म्हणाला, दूधवाल्याची वाटते. तो शब्द मला झोंबला. पुजाऱ्याच्या घरातल्या गणिताच्या मास्तराला आयुष्यात पहिल्यांदा दिसायचं होतं. मी दोन्ही काढून माळ्यावर टाकली आणि वर चार बोटांची चकचकीत पट्टी लावून घेतली.

सोमवारी शाळेच्या आवारात सरांनी गाडी पाहिली. बसले नाहीत. उभ्यानेच बघितली.

"तुमच्या घरी देवाला रोज नवा साज चढवतात ना, दीक्षित? म्हणून तुम्हाला साजच देव वाटतो," ते म्हणाले. पुढे आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मलाही राग आला. बोलला नाहीत तर नका बोलू, माझी गाडी आहे, असं मनात म्हणून मीही त्यांना टाळत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी आम्हाला पंचवटीतच एका लग्नाला जायचं होतं. माझी बायको सुधा जरीची साडी नेसून दारात आली. मी गाडी सुरू केली. ती पाय एका बाजूला सोडून बसते न बसते तोच, रविवारच्या नेमाने कमलवहिनींना घेऊन निघालेली ती काळी म्हैस समोर येऊन उभी राहिली. सर उतरले, सरळ माझ्याजवळ आले आणि हात पुढे करून माझ्या गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"वहिनी, उतरा," ते सुधाला म्हणाले.

सुधा गांगरून उतरली. शेजारचे लोक दारात आले. माझं डोकं फिरलं. "साळवे, हे अती होतंय. किल्ली द्या. माझ्या घरात तुमची मास्तरकी नको."

"नाही देणार."

"का पण? तुम्हाला आवडत नाही म्हणून? जगात तुम्हाला आवडलेली एक तरी वस्तू दाखवा! सगळी दुनिया मूर्ख, तुम्ही एकटे शहाणे!"

सर बोलायला गेले. तेवढ्यात कमलवहिनी त्यांच्या गाडीवरून हळूच उतरल्या. लंगडत पुढे आल्या. "तुम्ही नका बोलू," त्या सरांना म्हणाल्या. "मी सांगते." मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात, शाळेतल्या मुलांना गोष्ट सांगावी तशा बोलू लागल्या.

"आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, भाऊजी. हीच गाडी. नवीनच घेतलेली. हिला लष्कराचं चेनचं जाड कव्हर होतं. यांनी ते काढलं. चेन घासून-घासून चांदीसारखी केली. लोक थांबून बघायचे. मला घेऊन माहेरी निघाले, चांदवडला. ओझरच्या पुढे माझा पदर सुटला आणि चेनमध्ये गेला. मी डाव्या बाजूला ओढली गेले, आणि हा पाय चाकात." त्यांनी साडीची कड वीतभर उचलली. घोट्याच्या जागी घोटा नव्हता. हाडाचा एक वेडावाकडा गठ्ठा होता. "दोनदा कापाकापी झाली. पाय राहिला, हेच नशीब."

सुधाने तोंडावर हात ठेवला. मी गाडीवर तसाच बसून होतो. इंजिन केव्हाच बंद पडलेलं.

"आणि कव्हर का काढलं होतं, तेही सांग," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "छान दिसावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मशीन ड्रॉइंगचा पदविकाधारक माणूस. ती वस्तू तिथे कशासाठी आहे, हे मला पाठ होतं. तरी काढली. तुमच्या त्या नानाला निदान माहीत नव्हतं, दीक्षित. मला माहीत होतं."

मग वहिनीच म्हणाल्या, "हे गाडी भंगारात घालणार होते. मीच घालू दिली नाही. म्हटलं, हिच्यावर बसायची मला भीती वाटते, तेवढी घालवा. सहा महिने पत्रा ठोकत बसले होते. कव्हर झाल्यावर पहिल्यांदा मीच बसले." आणि हसून, "बसेपर्यंत पाय कापत होते, भाऊजी. माझे नाही, यांचे."

त्या दिवशी आम्ही लग्नाला टांग्याने गेलो. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं कव्हर आणि जाळी शाळेत नेली. सरांनी मधल्या सुट्टीत स्वतः बसवली. मी बोल्ट हातात देत होतो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तेरा नंबरचा पाना द्या." मग गाडी घेऊन फाटकाबाहेर गेले. पंधरा मिनिटांनी आले. मी वाट बघत होतो.

"इंजिन शहाण्या माणसाने काढलंय," ते म्हणाले. "बाकीची गाडी त्याच्या मेव्हण्याने."

एवढी स्तुती त्यांनी दुसऱ्या कुठल्याही नव्या गाडीची केल्याचं मी ऐकलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर एक काम सुरू केलं, म्हणजे त्यांनी मला जुंपलं. रविवारच्या अड्ड्यावर ज्याच्या गाडीची जाळी काढलेली दिसेल त्याला सर एकच प्रश्न विचारायचे, "काढलेली कुठे आहे?" माळ्यावर आहे म्हणाला तर, "घेऊन या." टाकून दिली म्हणाला तर त्याच्या गाडीचं माप घ्यायचे आणि पुढच्या रविवारी शाळेच्या वर्कशॉपमध्ये केलेली जाळी हजर. बसवताना त्या माणसाचा आणि त्याच्या सौंदर्यदृष्टीचा असा उद्धार करायचे की तो पुन्हा काढायची हिंमत करायचा नाही. वहिनींची हकीकत मात्र कधीच कुणाला सांगितली नाही. लोक त्यांना खडूस म्हणायचे. चहाच्या दुकानदाराने त्यांचं नाव 'जाळीवाले मास्तर' ठेवलं होतं. नाना शेवाळ्यांनी आपल्या त्या दोन सिलिंडरच्या गाडीलाही जाळी बसवून घेतली आणि पुढच्याच खेपेला नानी मागे बसून आल्या. सरांनी नानींना नमस्कार केला आणि नानांना म्हणाले, "आत्ता कुठे ही गाडी झाली. इतके दिवस फटाका होता."

अठ्ठ्याऐंशीला सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल दिली. त्यांनी तिची जरीची किनार बोटांत धरून पाहिली, आणि मी मान खाली घातली. पुढच्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात भेटायला गेलो की अड्ड्यावर नवीन काय आलं ते विचारायचे. मी वर्णन करायचो. डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच, "आरसे लांबट? कावळ्याच्या पंखासारखे?" "हो." "मूर्ख आहेत," म्हणायचे, आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसायचं. शेवटच्या आठवड्यात तेही बोलायचं बंद झालं. एका सकाळी वहिनींनी निरोप पाठवला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नाशिकरोडला त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली. मग भाषणं. शाळेचे प्राचार्य म्हणाले, साळवे सर अत्यंत मृदुभाषी होते. एक माजी विद्यार्थी म्हणाला, सरांनी आम्हाला कधी दुखावलं नाही. कॉलनीतले एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या तोंडून कुणाबद्दल वाईट शब्द ऐकला नाही. ज्याने त्याने चार-चार फुलं जास्तीची वाहिली. मीही बोललो, आणि मीही त्यांना प्रेमळ म्हटलं. सर समोर बसलेले असते तर माझ्या त्या वाक्यावर त्यांनी पेन्सिल टेकवली असती.

शेवटी वहिनींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या उठल्या, माईक बाजूला सारला आणि वर्गात बोलावं तशा बोलल्या.

"तुम्ही सगळे ज्या माणसाबद्दल बोललात, तो मला तेहेतीस वर्षांत घरात कधी दिसला नाही. माझे मालक मृदुभाषी नव्हते. त्यांना निम्मं जग मूर्ख वाटायचं आणि उरलेलं निम्मं आळशी. माझ्या भाकरीलाही त्यांनी कधी चांगली म्हटलं नाही. 'गोल आहे' म्हणायचे."

मागच्या रांगेतून नाना शेवाळे मोठ्याने हसले, आणि मग सगळा विहार हसला. वहिनींनी हसू ओसरू दिलं.

"पण मूर्खांची जी यादी त्यांनी केली होती, तिच्यात पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं. मी कितीदा म्हटलं, पुरे झालं, आता ते खोडा. दुसऱ्याची एक जादा रेघ त्यांना खपायची नाही, पण ते नाव काही त्यांनी खोडलं नाही. मी माफ केलं त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्यांनी नाही केलं. तेवढं एक त्यांचं चुकलं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या.